‘शेवटी’ला इंग्रजीत काय म्हणायचे?

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्या माणसाला ‘शेवटी’चे इंग्रजी विचारा. ‘ॲट लास्ट’, ‘इन द एंड’, ‘ॲट द एंड’, ‘फायनली’, ‘लास्टली’ अशी पाच उत्तरे तो एका दमात देतो. यांतले कुठले कुठे वापरायचे, असे पुढे विचारले की मात्र तो अडखळतो. पाचांचाही अर्थ ‘शेवटी’च आहे ना, मग कुठलेही चालेल, अशी त्याची समजूत असते आणि त्या समजुतीवर तो पत्र लिहितो, अर्ज लिहितो, भाषण करतो. त्याच्या वाक्यात क्रियापद बरोबर असते, काळ बरोबर असतो, स्पेलिंगही बरोबर असते. तपासणारा मास्तर लाल शाईने काही खोडू शकत नाही. तरी वाक्य वाचणाऱ्याला भलताच अर्थ कळतो.

हे छोटे पुस्तक या एका अडचणीसाठी आहे. एका ‘शेवटी’साठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणाला वाटेल. पण हा शब्द रोज लागतो. गोष्ट सांगताना लागतो, अहवाल लिहिताना लागतो, मुलाखतीत ‘आधीची नोकरी का सोडली’ या प्रश्नाला उत्तर देताना लागतो. अवघड शब्द चुकला तर ऐकणारा समजून घेतो. रोजचा शब्द चुकला तर बोलणाऱ्याच्या मनात काय होते हेच त्याला उलटे समजते.

आधी या पदांची घडण पाहू. मराठीत ‘शेवट’ हे नाम, त्याला सप्तमीचा ‘ई’ लागला की ‘शेवटी’, आणि विशेषण हवे असेल तर ‘शेवटचा’. तिन्ही रूपे एकाच मुळातून निघालेली. इंग्रजीत तसे नाही. तिथे नाम आहे ‘एंड’ आणि विशेषण आहे ‘लास्ट’. दोन निराळे शब्द, दोन निराळी घराणी. शिवाय इंग्रजीला ‘ई’सारखा प्रत्यय नाही, नामाच्या आधी ‘इन’, ‘ॲट’, ‘बाय’, ‘टिल’ असे अव्यय ठेवून ती क्रियाविशेषणाचे काम करून घेते. आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते, त्यांचे पुढे उभे असते. आणि त्या अव्ययात व नामात ‘द’ येते की नाही, हा प्रश्न वेगळाच. ‘इन द एंड’मध्ये ‘द’ आहे, ‘ॲट लास्ट’मध्ये नाही. मराठीत असे उपपदच नसल्यामुळे ते गाळले काय आणि घातले काय, आपल्या कानाला खटकत नाही.

त्यात भर पडली आहे ती आपल्या रोजच्या बोलण्याची. ‘लास्ट’ हा शब्द मराठीत आता पुरता रुळला आहे. ‘मी लास्टला बसलो होतो’, ‘लास्टला काय झालं?’ असे आपण सहज म्हणतो. हे ‘लास्टला’ चांगले मराठी आहे. बोलीने घेतलेला शब्द आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण इंग्रजी बोलताना तेच ‘लास्टला’ उलटे फिरून ‘इन द लास्ट’ किंवा ‘ॲट द लास्ट’ होते, आणि ही दोन्ही रूपे आजच्या इंग्रजीत ‘शेवटी’ या अर्थाने चालत नाहीत. ‘इन द लास्ट’ म्हटले की ऐकणारा पुढच्या नामाची वाट पाहतो: इन द लास्ट ओव्हर, इन द लास्ट रो, इन द लास्ट वीक. नाम आले नाही की वाक्य अर्धेच राहते. कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानणारे ‘इन द लास्ट, आय वुड लाइक टू थँक’ म्हणतात तेव्हा नेमके हेच घडते. तिथे हवे असते ते ‘फायनली’ किंवा ‘लास्टली’.

मुख्य दोष मात्र मला वेगळीकडे दिसतो. धड्याखाली दिलेल्या शब्दार्थांच्या यादीत ‘ॲट लास्ट – शेवटी’, ‘इन द एंड – शेवटी’, ‘ॲट द एंड – शेवटी’ असे छापलेले असते. मुलगा ते पाठ करतो. तीन इंग्रजी पदांपुढे एकच मराठी शब्द पाहून त्याचा ग्रह होतो की इंग्रजीत एकाच गोष्टीला तीन नावे आहेत आणि मराठीत एकच. हा ग्रह खोटा आहे. मराठीत हे भेद पुरते आहेत. ते आपण लहानपणापासून न चुकता पाळतो. यादी करणाऱ्याने तीनही ठिकाणी सर्वांत मोघम शब्द लिहिला, एवढेच झाले आहे.

या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: ही इंग्रजी पदे बरोबर वापरायची असतील तर आधी आपले मराठी वाक्य नीट ऐका.

‘ॲट लास्ट’पासून सुरुवात करू, कारण मराठीने या पदासाठी जे करून ठेवले आहे ते फार सुंदर आहे. तासभर थांब्यावर उभे राहिल्यावर बस दिसते तेव्हा आपण ‘शेवटी बस आली’ म्हणतोच असे नाही. आपण म्हणतो, ‘एकदाची बस आली!’ पाऊस लांबला आणि मृगाऐवजी आर्द्रात पडला, तर शेतकरी म्हणतो, ‘एकदाचा पाऊस आला.’ मुलीचे लग्न ठरत नव्हते आणि ठरले, तर ‘एकदाचं ठरलं.’ हे ‘एकदाचा’ म्हणजे ‘ॲट लास्ट’. त्यात वाट पाहणे आहे, उशीर आहे, आणि सुटकेचा नि:श्वास आहे. मराठीने तर आणखी पुढे जाऊन हा शब्द विकारी ठेवला. बस एकदाची येते, पाऊस एकदाचा येतो, लग्न एकदाचं होतं. ज्याची वाट पाहिली त्याच्याच लिंगात हा शब्द उभा राहतो. इंग्रजीला हे साधत नाही. तिला ‘ॲट लास्ट’ म्हणून थांबावे लागते, आणि फारच उशीर झाला असेल तर ‘ॲट लाँग लास्ट’ म्हणावे लागते.

म्हणून पहिली कसोटी अशी. वाक्यात ‘एकदाचा’, ‘एकदाची’ किंवा ‘एकदाचं’ घालून पाहा. बसले, तर ‘ॲट लास्ट’ लिहायला हरकत नाही. न बसले, तर लिहू नका. ‘शेवटी त्यांचा अपघातात मृत्यू झाला’ या वाक्यात ‘एकदाचा’ घालून पाहा. जीभ रेटणार नाही. मग ‘ॲट लास्ट ही डाइड’ लिहिताना हात का थांबत नाही? मृत्यूच्या बातम्यांत आणि शोकपत्रांत हे वाक्य येते, आणि वाचणाऱ्याला त्यातून असे समजते की घरचे त्या मरणाची वाटच पाहत होते. लिहिणाऱ्याच्या मनात दु:ख असते, कागदावर सुटका उतरते. या एका वाक्यासाठीसुद्धा हे पुस्तक लिहिण्याजोगे होते.

कसोटीला एक मर्यादा आहे, ती इथेच सांगतो. ‘एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाक’, ‘एकदाचं काय ते होऊन जाऊ दे’ अशा आज्ञेच्या वा इच्छेच्या वाक्यांतले ‘एकदाचा’ निराळे आहे. तिथे गोष्ट अजून घडलेली नाही. इंग्रजीत तिथे ‘वन्स अँड फॉर ऑल’ येईल. ‘ॲट लास्ट’ मुख्यत: घडून गेलेल्या, डोळ्यांसमोर आलेल्या गोष्टीसाठी आहे.

आता ‘इन द एंड’. बसचीच गोष्ट पुढे नेऊ. ‘वुई वेटेड फॉर द बस, वुई लुक्ड फॉर अ रिक्षा, इन द एंड वुई वॉक्ड.’ बसची वाट पाहिली, रिक्षा शोधली, शेवटी चालतच गेलो. चालत जाण्याची कुणी वाट पाहत नव्हते. ‘एकदाचे चालत गेलो’ असे मराठी कुणी बोलत नाही. म्हणून तिथे ‘ॲट लास्ट’ नाही. ‘इन द एंड’मध्ये निकाल आहे: बरेच काही झाले, फाटे फुटले, मते बदलली, आणि सगळे झाल्यावर हे असे ठरले. मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द ‘अखेर’. अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द आपल्या बातम्यांत रोज भेटतो: ‘अखेर तडजोड झाली’, ‘अखेर राजीनामा’. ‘सरतेशेवटी’ हाही त्याच घरातला. ‘इन द एंड’ला आनंदाचे किंवा दु:खाचे बंधन नाही, खटला जिंकला तरी चालते, हरला तरी चालते. आणि ते भविष्यकाळातही सहज जाते. ‘यू विल गेट यूज्ड टू इट इन द एंड’, म्हणजे होईल शेवटी सवय. तिथे ‘ॲट लास्ट’ टाकून पाहा, वाक्य अवघडते.

तिसरे ‘ॲट द एंड’. हे स्थळाचे आणि काळाचे पद आहे. कशाच्या तरी टोकाला. याच्यामागे ‘ऑफ’ लपलेले असते. लिहिलेले नसले तरी मनात असते. मराठीत याची खूण अगदी सोपी: ‘शेवटी’च्या आधी ‘च्या’ येते का पाहा. पुस्तकाच्या शेवटी, रस्त्याच्या शेवटी, नाटकाच्या शेवटी, महिन्याच्या शेवटी. ‘च्या’ आली की ‘ॲट द एंड ऑफ’. ‘ॲट द एंड ऑफ द प्ले ही डाइज’ म्हणजे शेवटच्या प्रवेशात तो मरतो. ‘इन द एंड ही डाइज’ म्हणजे एवढे सगळे करूनही तो मरतोच. पहिल्या वाक्यातून मरण कुठल्या प्रवेशात येते ते कळते, दुसऱ्यातून नाटकाचा निकाल कळतो.

तिन्ही पदे एका प्रसंगात पाहायची असतील तर २ एप्रिल २०११ची वानखेडेवरची रात्र घ्या. विश्वचषकाचा अंतिम सामना, श्रीलंकेची पहिली फलंदाजी, महेला जयवर्धनेचे नाबाद शतक. पन्नास षटकांच्या शेवटी श्रीलंका ६ बाद २७४. हे झाले ‘ॲट द एंड ऑफ फिफ्टी ओव्हर्स’. धावफलक काय म्हणतो, तेवढेच. मग आपला डाव. सेहवाग शून्यावर गेला, सचिन १८वर, २ बाद ३१. गंभीर उभा राहिला आणि ९७वर बाद झाला. धोनी स्वत: वरच्या क्रमांकावर आला आणि नाबाद ९१ करून गेला. इतकी वळणे घेऊन भारताने सहा गडी राखून सामना जिंकला. ‘इन द एंड इंडिया वन बाय सिक्स विकेट्स.’ हे वाक्य कोलंबोचा वार्ताहरही लिहू शकतो, लंडनचाही. पण १९८३ नंतर २८ वर्षे थांबलेल्या माणसाच्या तोंडी दुसरे वाक्य होते: ‘ॲट लास्ट!’ आणि सहावा विश्वचषक खेळणाऱ्या सचिनसाठी तर तेच एक पद होते. कोलंबोच्या वार्ताहराने ‘ॲट लास्ट इंडिया वन’ लिहिले असते, तर त्याच्या वाचकांनी विचारले असते की बाबा रे, तू कुणाच्या बाजूचा?

या पदांमागची खरी गंमत आणि खरी जबाबदारी इथे आहे. ‘ॲट लास्ट’ बोलणाऱ्याची बाजू सांगते. १ मे १९६०ला द्विभाषिक मुंबई राज्याची विभागणी होऊन महाराष्ट्र झाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी लढलेल्या माणसाचे वाक्य ‘ॲट लास्ट वुई हॅव महाराष्ट्र’ असे असेल. घटनाक्रम मांडणारा इतिहासकार लिहील, ‘इन द एंड द बायलिंग्वल स्टेट वॉज डिव्हायडेड.’ गोव्याचेही तसेच. देश १९४७ला स्वतंत्र झाला, गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. ती चौदा वर्षे ज्याने तुरुंगात किंवा सत्याग्रहात काढली, त्याने ‘ॲट लास्ट’च म्हणावे. लिस्बनच्या दप्तरातला अधिकारी ते म्हणणार नाही. घटना एकच, तारीख एकच. माणूस कुठे उभा आहे ते या पदाने कळते.

मार्टिन ल्यूथर किंग यांचे २८ ऑगस्ट १९६३चे वॉशिंग्टनमधले भाषण अनेकांनी ऐकले असेल. त्याचा शेवट कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या भक्तिगीताच्या शब्दांनी होतो आणि त्या शब्दांत ‘ॲट लास्ट’ पुन्हा पुन्हा येते. अटलांटातल्या त्यांच्या समाधीवरही तेच शब्द कोरले आहेत. तिथे ‘इन द एंड’ ठेवले असते तर व्याकरणाचे काही बिघडले नसते. पण गुलामीत पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या लोकांची वाट पाहणे त्या शब्दांतून निघून गेले असते.

आता कचेरीच्या इंग्रजीकडे वळतो, कारण तिथे चुकीची किंमत पैशात मोजावी लागते. आपल्याकडे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, आणि ‘मार्चअखेर’ हा शब्द प्रत्येक कार्यालयात घुमत असतो. पण ‘मार्चअखेर’चे अर्थ दोन. ‘मार्चअखेर परीक्षा आहे’ यात परीक्षा महिन्याच्या शेवटच्या दिवसांत आहे: ‘ॲट द एंड ऑफ मार्च’. ‘मार्चअखेर कामे पूर्ण करा’ यात मुदत आहे. पाच तारखेला झाले तरी उत्तम, एकतीसच्या पुढे मात्र नको: ‘बाय द एंड ऑफ मार्च’. मराठीत ‘अखेर’ आणि ‘अखेरपर्यंत’ यांत आपण ढिलाई केली तरी संदर्भाने भागते. इंग्रजी करारपत्रात भागत नाही. ‘पेमेंट विल बी मेड ॲट द एंड ऑफ मार्च’ असे लिहून दिले, तर समोरचा पैसे फेब्रुवारीत मागू शकत नाही. आणि ‘बाय’ लिहिले तर तुम्ही केव्हाही आधी देऊ शकता. दोन अक्षरांचे अव्यय आहे, पण सही करण्यापूर्वी ते दोनदा वाचावे.

याच कुटुंबातली आणखी दोन पदे मराठीने छान वेगळी ठेवली आहेत. ‘शेवटपर्यंत’ म्हणजे ‘टिल द एंड’: धोनी शेवटपर्यंत राहिला. आणि ‘शेवटी शेवटी’. हा दुहेरी शब्द मला फार आवडतो. ‘शेवटी शेवटी आजोबांना ऐकू येत नव्हतं.’ इथे टोक आलेले नाही, टोकाकडे चाललेला काळ आहे. इंग्रजीत ते ‘टोवर्ड्‌स द एंड’. शब्द दोनदा उच्चारून मराठीने ताणलेला काळ दाखवला आणि इंग्रजीने दिशादर्शक अव्यय वापरून तोच दाखवला. विद्यार्थी मात्र तिथेही ‘ॲट लास्ट’ ठोकून मोकळा होतो.

‘फायनली’ हा शब्द तीन कामे करतो: ‘एकदाचा’चे, यादीतल्या शेवटच्या मुद्द्याचे, आणि ‘कायमचे ठरले’ याचे. म्हणून शंका असेल तिथे तो बऱ्याचदा वाचवतो. ‘लास्टली’ फक्त यादीसाठी. ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे यथावकाश, कालांतराने. उशीर आहे, पण सुटकेचा सूर नाही. या तिघांवर पुस्तकात स्वतंत्र पाने आहेत, इथे एवढे पुरे.

यादीचा विषय निघालाच आहे तर सूत्रसंचालकांच्या एका लाडक्या वाक्यप्रयोगाबद्दल बोलले पाहिजे. ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकू येते. इंग्रजीतले मूळ रूप ‘लास्ट बट नॉट लीस्ट’ आहे. मधले ‘द’ आपण घातले आहे. भारतीय इंग्रजीत ते इतके पसरले आहे की पुढेमागे शब्दकोश त्याला जागा देतीलही. तोवर लिहिताना ते गाळावे आणि बोलताना कुणी वापरले तर टोकू नये, असे माझे मत आहे. आणि आणखी एक: ‘ॲट लास्ट, आय थँक अवर चीफ गेस्ट’ असे म्हटले, तर पाहुण्यांचे आभार फार दिवस रेंगाळले होते आणि आज ते फिटले, असा अर्थ निघतो. पाहुण्यांसमोर तो नको.

एक ‘शेवटी’ असा आहे की त्यात शेवट मुळीच नाही. ‘रागावली तरी शेवटी आईच ती.’ ‘शेवटी आपलाच मुलगा ना!’ इथे काळ नाही, क्रम नाही, निकाल नाही. मूळ नाते, मूळ सत्य आठवून दिले आहे. हे ‘आफ्टर ऑल’: ‘शी इज हिज मदर, आफ्टर ऑल.’ मराठीतली खूण म्हणजे वाक्याच्या शेवटी येणारा ‘ना’, किंवा नामाला चिकटलेला ‘च’. विद्यार्थ्यांच्या लेखनात हे पद फारच कमी दिसते, आणि जिथे ते हवे तिथे ‘इन द एंड’ बसवलेले असते. ‘इन द एंड शी इज हिज मदर’ वाचून वाटते, बरेच दिवस शंका होती आणि तपासाअंती ती आई निघाली! ‘आफ्टर ऑल’चा आणखी एक उपयोग आहे: येणार नाही म्हणाला होता आणि आला, तर ‘सो यू केम आफ्टर ऑल’. आपण म्हणतो, ‘आलास की मग!’ तिथे मराठीत ‘शेवटी’ची गरजही पडत नाही.

‘ॲट द एंड ऑफ द डे’ हे सामन्यानंतरच्या मुलाखतींनी घराघरांत पोहोचवलेले पद. कसोटी सामन्याचा दिवस संपताना ते खऱ्या अर्थाने येते, आणि ‘सगळे बाजूला ठेवले तर’ या लाक्षणिक अर्थानेही. लाक्षणिक वापर इतका झिजला आहे की लेखनात तो टाळलेला बरा.

जागेबद्दल थोडे. ‘इन द एंड’ आणि ‘ॲट लास्ट’ वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटाला ठेवावे. मराठीच्या सवयीने आपण ते मध्ये घालतो: ‘तो शेवटी मुंबईला गेला’ म्हणून ‘ही इन द एंड वेंट टू मुंबई’. चूक म्हणता येणार नाही, पण वाक्य चालत नाही, लंगडते. मध्ये घालायचेच असेल तर ‘फायनली’ किंवा ‘इव्हेंच्युअली’ घाला; एकेरी क्रियाविशेषणे तिथे आरामात बसतात. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने त्याच्या आधी बरीच मोकळी जागा असते. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद लगटून असतात, त्यांच्यामध्ये तीन शब्दांचे पद शिरले की अडचण होते.

मराठी वाक्यावरून इंग्रजी पद ठरवण्याचा हा विचार नवा आहे असा दावा नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली. भाषांतर करत बसल्याने बोलणे येत नाही, हा आक्षेप खोटाही नव्हता. पण तिची एक थोरवी होती: ती सुटा शब्द न देता वाक्य देत असे. पुढे रेन आणि मार्टिनचे व्याकरण आले आणि शाळा-शाळांत बसले. त्यांतले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले गृहस्थ आणि ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या कादंबरीचे लेखक. त्या पुस्तकाने व्याकरण पक्के केले, पण कुठले पद कधी वापरायचे याची जाण त्यातून फारशी येत नाही. ती जाण देणारे काम दुसरीकडे झाले. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. जपानी विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ कळूनही वाक्य जमत नाही हे पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह एक कोश केला. तो १९४२मध्ये जपानात निघाला आणि १९४८मध्ये ऑक्सफर्डने छापला. आज आपण ज्याला ऑक्सफर्डचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ म्हणून ओळखतो, तो हाच. १९८०मध्ये मायकेल स्वान यांचे ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’ आले. त्यांनी ‘फायनली’, ‘ॲट लास्ट’, ‘इन द एंड’ आणि ‘ॲट द एंड’ यांना शेजारी बसवून फरक दाखवला. १९८७मध्ये बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली कोबिल्ड कोश झाला; त्यातली उदाहरणे लोकांनी खरोखर लिहिलेल्या-बोललेल्या इंग्रजीतून घेतली होती. ही सारी पुस्तके जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. त्यामुळे त्यांत ‘एकदाचा’ येणे शक्य नाही, ‘मार्चअखेर’ येणे शक्य नाही. ते काम मराठी माणसानेच करायचे आहे.

आणि ते आता करायची निकड आहे. २०००पासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. आधी ते पाचवीपासून होते. मुलांना इंग्रजीची चार वर्षे अधिक मिळाली. पण शब्दार्थांची यादी जर तीच राहिली, तर ती चार वर्षे ‘शेवटी म्हणजे ॲट लास्ट’ पक्के करण्यातच जातील. इंग्रजी चांगले येण्यासाठी मराठी विसरावी लागते असे ज्यांना वाटते, त्यांना मी या पुस्तकातले कुठलेही पान उघडून दाखवीन. ज्या मुलाला ‘एकदाचा पाऊस आला’ आणि ‘अखेर पाऊस आला’ यांतला फरक घरात, अंगणात, आजीच्या तोंडून कळला आहे, त्याला इंग्रजीतला फरक अर्ध्या तासात शिकवता येतो. ज्याला तो मराठीतही कळलेला नाही, त्याला दहा कोश घेऊन दिले तरी उपयोग नाही. मोरो केशव दामले यांनी १९११मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून मराठीच्या अव्ययांचा बारकाईने विचार केला. तो ग्रंथ इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाच्याही टेबलावर असावा, असे मला मनापासून वाटते.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. प्रत्येक पदाला आधी मराठी प्रसंग दिला आहे, मग मराठी वाक्य, मग इंग्रजी. अर्थ मुद्दाम कुठेही एका शब्दात दिलेला नाही. सरावाच्या वाक्यांची उत्तरे मागे आहेत, पण काही वाक्यांना दोन उत्तरे बरोबर आहेत आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. तिथे कुठले बरोबर हे न विचारता, कोण बोलतो आहे हे विचारावे. ज्यांना घाई आहे त्यांनी ‘ॲट लास्ट’ आणि ‘बाय द एंड’ ही दोन प्रकरणे आधी वाचावीत. पहिल्यात माणसे दुखावण्याचा धोका आहे आणि दुसऱ्यात पैसे बुडण्याचा.

शिक्षकांना एक विनंती. हे पुस्तक वर्गात वापरलेत, तर फळ्यावर ‘ॲट लास्ट’ लिहून त्यापुढे ‘शेवटी’ लिहू नका. मुलांना विचारा, कशाची वाट पाहत होतात आणि ती गोष्ट कधी आली. ती सांगतील ते मराठी वाक्य फळ्यावर लिहा, आणि त्याच्याखाली इंग्रजी लिहा.